शुक्रवारचं मौन आणि पाच गिअरची सायकल

शुक्रवारी आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही, असा आईचा नियम होता. बाकीचे सहा दिवस ओरडायला मुभा होती, किंबहुना ओरडल्याशिवाय गत्यंतरच नव्हतं. भिवंडीतलं आमचं घर मागांच्या कारखान्याला लागून होतं, मधे एकच भिंत. पलीकडे चोवीस माग चालायचे आणि अलीकडे आमच्या फळीवरची भांडी थरथरायची. घरात आम्ही बोलायचो ते किंचाळून, नाहीतर नुसत्या ओठांनी आणि बोटांनी. दोन बोटं वर केली म्हणजे चहा. तर्जनी हलवली म्हणजे काहीतरी बिघडलंय. मूठ वर केली म्हणजे सगळं ठीक. ही कारीगरांची भाषा, वडिलांबरोबर घरात आलेली. शुक्रवारी मात्र कारखाने बंद असायचे, आणि सवयीने मारलेली हाक गल्लीच्या टोकापर्यंत जायची. कितीतरी घरांची भांडणं अशी शुक्रवारी चव्हाट्यावर आली होती.

आमच्या घरात झाकून ठेवण्यासारखी एकच गोष्ट होती. वडिलांचे कान गेले होते.

वडील त्या कारखान्यात फिटर होते. माग बिघडला की दुरुस्त करायचा, हे त्यांचं काम, आणि त्यांची ख्याती अशी की दारातून आत येतानाच ते सांगायचे, नवव्या मागाचा धोटा नीट बसत नाहीये. चोवीस मागांच्या त्या खडखडाटातून एकाचा आवाज वेगळा काढणं म्हणजे काय, ते ज्याने कारखान्यात पाय ठेवलाय त्यालाच कळेल. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. त्या कानांवरच ते पंचवीस वर्षं टिकले होते, आणि त्या पंचवीस वर्षांनीच ते कान खाल्ले.

कारखान्यात हे कोणाला कळलं नव्हतं, कारण तिथे कोणालाच कोणाचं ऐकू येत नसे. सगळेच ओठ वाचायचे. वडील इतरांपेक्षा जरा जास्त वाचायचे, एवढंच. बिघाड ते तळव्याने ओळखू लागले होते, मागाच्या चौकटीवर हात ठेवून. पंचाईत होती ती शुक्रवारची. शांततेत मागून कोणी हाक मारली आणि माणसाने वळून पाहिलं नाही, तर काय समजायचं? म्हणून वडिलांनी शुक्रवारचं मौन धरलं. कुलदेवीला बोललोय, असं सांगून टाकलं. लोकांनी मान दिला. मौनातल्या माणसाला कोणी हाक मारत नाही आणि त्याने उत्तर दिलं नाही तर वाईट वाटून घेत नाही. आई सोडून हे मला एकटीलाच माहीत होतं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," आई म्हणायची, आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायची. कारण माझा राग नाकावर आणि आवाज कारखान्याचा.

कारखाना दोन भावांचा, त्यांचा असाच आणखी एक कारखाना होता. थोरले शेठ जुन्या वळणाचे, कोकणी मुसलमान, वडिलांच्या बरोबरीचे. धाकटे शेठ पस्तिशीचे, हिशेबी. दोन कारखान्यांना दोन फिटर कशाला, एक तरणा ठेवू, असं ते उघड म्हणू लागले होते. थोरले दर वेळी एकच उत्तर द्यायचे, "उस्तादचा कान आहे तोवर उस्ताद आहे." हे ऐकलं की आई उठून कुलदेवीपुढे दिवा लावायची.

त्या वर्षी मला खारबावच्या एका शाळेत तात्पुरती शिक्षिका म्हणून नेमणूक मिळाली. सकाळची शाळा. एसटी आली तर आली, आणि आली तरी लोंबकळत. थोरल्या शेठचा एक भाचा आखातातून आला होता, त्याने एक गिअरची सायकल आणली होती, जाड टायरची, डोंगरात चालवायची म्हणे. भिवंडीत डोंगर कुठला? चार महिने मिरवून ती भिंतीला टेकवून तो परत गेला, आणि सायकल शेठच्या घरात अडचण करत राहिली. शेवटी ती माझ्याकडे आली, अगदी स्वस्तात. आईने ती बघितली आणि म्हणाली, "घरचं झालं थोडं, आन् व्याह्यानं धाडलं घोडं." पण मी हरखले होते. मागच्या चाकाला एकाहून एक मोठ्या पाच दातेरी चकत्या, हँडलवर अंगठ्याने ओढायचा खटका. खटका एक घर सरकवला की चेन एका चकतीवरून दुसरीवर जाणार. वाटेतल्या चढावर मोठी चकती घ्यायची आणि मास्तरणीबाईंनी घामाघूम न होता शाळेत पोचायचं, असा माझा बेत होता.

पहिल्याच सोमवारी चढावर खटका ओढला. चेन कुरकुरली, मधेच अडली आणि मी जोर लावल्याबरोबर खाडकन खालच्या चकतीवर उडी मारली. पाय हवेत फिरले आणि मी राहनाळच्या पुढे मालट्रकवाल्यांच्या देखत रस्त्यावर बसले. ओढणीला वंगण, गुडघ्याला खडी. शाळेत पोचले तेव्हा प्रार्थना संपली होती. मुख्याध्यापकांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्या गुडघ्याकडे नाही.

कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने सायकल घेतली आणि उचलून उलटी केली, सीट आणि हँडल जमिनीवर, चाकं आकाशाकडे. आपल्याकडे सायकल दुरुस्त करायची म्हणजे आधी ती उलटीच करायची. स्क्रू पिळला, वायर ओढली, हाताने पायडल फिरवलं. पाचही गिअर सरळ पडले. मी खूश. सुलटी करून बसले, चौकापर्यंत गेले, खाडकन. परत आले. परत उलटी, परत सगळं ठीक, परत सुलटी, परत खाडकन. असं तीनदा झाल्यावर तो म्हणाला, "ताई, चलाने में गलती है आपकी." मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

आठवडाभर हेच चाललं. मी रोज एखाद्या जागी पडत होते आणि रोज येऊन सायकलीला लाथ घालत होते. एका दुपारी दोघे शेठ कारखान्याच्या दाराशी उभे होते आणि मी लाथ घालताना त्यांनी पाहिलं. थोरले हसले. आतून वडील बाहेर येत होते, त्यांच्याकडे बघून थोरले म्हणाले, "उस्ताद, चोवीस माग कानाने लावतोस, आणि घरची सायकल लागत नाही?"

ते गमतीने म्हणाले. पण धाकटे गमतीचे नव्हते. ते लगेच म्हणाले, "जुम्मे को कारखाना बंद रहेगा, एकदम शांती. सायकल अंदर लाओ उस्ताद. हम भी देखेंगे, कान से कैसे लगाते हैं."

शुक्रवारी, शांततेत, कानाने. वडिलांनी दोघांचे ओठ वाचले होते. ते हसले आणि त्यांनी मूठ वर केली.

घरात आल्यावर आईने डोक्याला हात लावला. "मौन हाय म्हणून सांगायचा ना! सांगायचा, शुक्रवारी मी काम करत न्हाय!" वडील तिच्या ओठांकडे बघत होते, मग शांतपणे म्हणाले, "मौन बोलायचं आहे. हाताचं नाही. नाही म्हटलं असतं तर धाकट्याला कळलंच असतं." आई माझ्याकडे वळली. "ही सायकल आणलीस ना घरात!" मला राग आला, आणि राग यायचं कारण हे की ती खरं बोलत होती.

त्या रात्रीपासून वडील सायकलीपाशी बसू लागले. त्यांनी स्क्रूला हात लावला नाही. नुसती बघत राहिले. मागच्या चाकाजवळ दोन छोट्या चकत्यांचा जो सांगाडा लोंबतो, जो चेनला इकडून तिकडे ढकलतो, त्याला त्यांनी 'लटकन' असं नाव ठेवलं. खटक्यापासून लटकनपर्यंत वायर जाते, ती एका नळीतून. गुरुवारी त्यांनी मला बोलावलं, सायकल उलटी केली आणि हँडलकडे बोट दाखवलं. उलटी केल्याबरोबर हँडल आपोआप एका बाजूला वळलं होतं आणि वळताना नळी सैल पडली होती. मग सुलटी केली. हँडल सरळ, आणि आखूड कापलेली नळी ताणून टच्च. सायकलवाला सैल नळीवर गिअर लावत होता आणि मी ताणलेल्या नळीवर सायकल चालवत होते.

"माग कोणी उलटा करून दुरुस्त करतं का?" वडील म्हणाले. "चालतो तसाच उभा ठेवायचा, आणि चालवत चालवत लावायचा."

जुनी नळी काढून त्यांनी लांब नळी घातली. मला एकदम हायसं वाटलं. म्हणजे झालंच की! त्यांनी मान हलवली. नळी बदलल्यावर वायर पुन्हा लावायला लागणार होती, पाव-पाव आटे फिरवून, आणि ते बरोबर झालं की नाही हे एकाच गोष्टीवरून कळणार होतं. चेन शेजारच्या चकतीला घासत असेल तर बारीक टिकटिक होते. ती थांबली पाहिजे. मागाचा दणका तळव्याला कळतो, पण ही टिकटिक तळव्याला कळत नाही. ते मी त्यांच्या तोंडावरून ओळखलं.

मग आम्ही ठरवलं. मी पायडल फिरवणार, ते लटकनपाशी वाकून आटे फिरवणार. टिकटिक असेल तर माझी तर्जनी, थांबली की मूठ. माझा डावा हात पायडलवर, उजवा मांडीजवळ, कोणाच्या लक्षात येणार नाही असा. अख्ख्या कारखान्याला ती खूण ठाऊक होती, पण बापाला मुलगी खुणा करतेय, मौनाचा दिवस आहे, त्यात वावगं काय? तालीम मात्र करता येईना. भिंतीपलीकडे माग चालू होते आणि त्या आवाजात टिकटिक मलाही ऐकू येत नव्हती.

शुक्रवारी सकाळी मी उठले ती शांततेनेच. फळीवरची भांडी स्थिर होती. आईने मला चहा देताना पुन्हा बजावलं, हळू आवाजात, "काय वाट्टेल ते होवो, तोंड उघडायचा न्हाय." मी म्हटलं, लहान आहे का मी?

आम्ही सायकल कारखान्यात नेली तेव्हा दुपारच्या नमाजाची वेळ झाली होती आणि शेठ मंडळी मशिदीत गेली होती. ते येण्याआधी काम उरकावं हा आमचा डाव. बंद माग रांगेने उभे होते, त्यांच्यावर कापसाची भुरभुर. नमाजाला न गेलेले तीन-चार कारीगर होते. एकजण नळाशी कपडे धूत होता, एकजण गावाकडे पत्र लिहीत होता, एकजण दोन मागांच्या मधे चटईवर पडला होता. नळाचं पाणी बादलीत पडायचं थांबलं की पत्र लिहिणाऱ्याच्या पेनाचा आवाजसुद्धा येत होता. असली शांतता मला कधीच आवडत नसे.

वडिलांनी वरच्या तुळईला दोर बांधला आणि सीटखालून घेऊन सायकल अशी टांगली की पुढचं चाक जमिनीवर, मागचं वीतभर वर. हँडल सरळ. सुलटी सायकल, चालते तशी. कपडे धुणारा कारीगर बघून म्हणाला, "वाह उस्ताद!" वडील लटकनपाशी वाकले होते, त्यांना ते कळलं नाही. पण मौन होतं, म्हणून चाललं.

मी पायडल फिरवायला घेतलं. लहान चकती, मूठ. खटका एक घर. टिक टिक टिक. तर्जनी. वडिलांनी पाव आटा फिरवला. अजून तर्जनी. अजून पाव. टिकटिक विरळ झाली, मग एकदम नाहीशी झाली आणि चेनचा नुसता सळसळ आवाज उरला. मूठ. वडिलांनी माझ्या मुठीकडे पाहिलं, मग माझ्या डोळ्यांत पाहिलं, आणि डोळ्यांनी हसले. तिसरा गिअर, तर्जनी, पाव आटा, मूठ. किती सोपं होतं! आता वर चौथी चकती आणि पाचवी, सगळ्यात मोठी, चढावरची. सगळं दहा मिनिटांत संपणार होतं.

तेवढ्यात दारात सावल्या आल्या. नमाज संपला होता. थोरले शेठ चपला काढून बाजूला उभे राहिले. धाकटे सरळ आमच्यापाशी आले, टांगलेल्या सायकलीकडे बघितलं, आणि मला म्हणाले, "हटो, मैं घुमाता हूँ." मी म्हटलं, नको, वंगण लागेल. त्यांनी पायडल धरलंसुद्धा. मला मागे सरावं लागलं. मागे म्हणजे वडिलांच्या पाठीमागे, जिथून त्यांना माझा हात दिसत नव्हता.

वडिलांनी वर पाहिलं. माझ्या जागी धाकटे शेठ. एक क्षण त्यांचे डोळे मला शोधत इकडेतिकडे फिरले. मागे वळून पाहिलं असतं तर मी दिसले असते, पण ज्याला ऐकू येतंय तो माणूस मागे वळून कशाला बघेल? ते वळले नाहीत. त्यांनी डावा तळवा सायकलीच्या दांड्यावर ठेवला आणि आटा फिरवू लागले.

धाकट्या शेठना सायकल म्हणजे खेळ होता. ते पायडल गरगरा फिरवत होते. चौथी चकती. टिक टिक टिक. वडील पाव आटा फिरवून थांबले, मान जराशी तिरकी केली, ऐकणारा माणूस करतो तशी. टिकटिक वाढली होती. ते उलट्या बाजूला फिरवत होते. मी मनात म्हणत होते, उलटं, बाबा, उलटं. धाकट्यांनी खटका ओढून शेवटच्या घरात टाकला. चेन मोठ्या चकतीवर चढली आणि पलीकडे जायला लागली, तारांच्या बाजूला. चाकाच्या तारांमध्ये लटकन गेलं की सगळं संपतं, तारा तुटतात, लटकन मोडतं, आणि असलं लटकन भिवंडीत तेव्हा कुठल्याच दुकानात मिळत नव्हतं. आणि वडिलांची बोटं तिथेच होती, लटकनजवळ, फिरत्या तारांपासून दोन अंगुळं. लटकन तारांना लागायला लागलं. टर्रर्र. तो आवाज अख्ख्या कारखान्यात घुमला. पत्र लिहिणाऱ्याने डोकं वर केलं. वडिलांनी आणखी पाव आटा पिळला, त्याच बाजूला.

"बाबा! बाबा, थांबा!"

मी ओरडले ती मागांच्या आवाजात. चोवीस माग चालू असताना पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल असं. दुसरं ओरडणं मला येतच नव्हतं.

सगळे वळले. कपडे धुणाऱ्याच्या हातातली बादली खाली पडली. चटईवरचा उठून बसला. थोरले शेठ दारातून दोन पावलं आत आले. धाकट्यांनी दचकून पायडल सोडलं. गल्लीतून कोणीतरी बाई "क्या हुआ, क्या हुआ" करत दारात आली. आमच्या भिंतीपलीकडे आईच्या हातून काहीतरी पडलं, तेही मला ऐकू आलं.

वळले नाहीत ते एकटे वडील. मी त्यांच्या पाठीपासून हातभर अंतरावर होते आणि ते वाकून शांतपणे लटकनकडे बघत होते.

चाक हळू होत थांबलं. मग त्यांनी मान वर केली. धाकट्या शेठच्या तोंडाकडे पाहिलं, आणि काही कळलं नाही म्हणून हसले आणि मूठ वर करून विचारलं, ठीक?

धाकटे शेठ आधी माझ्याकडे बघत होते, मग वडिलांच्या हसऱ्या तोंडाकडे. त्यांना आणखी काही समजावून सांगायची गरज नव्हती. मला वाटलं, या क्षणी माग सुरू व्हावेत, वीज यावी, भिंत पडावी, काहीही व्हावं. मी माझं तोंड दोन्ही हातांनी दाबून धरलं होतं. आता दाबून काय उपयोग?

थोरले शेठ पुढे आले. वडिलांच्या समोर उकिडवे बसले, त्यांचं तोंड दिसेल असे. त्यांनी दोन बोटं वर केली. आधी चहा. मग माझ्याकडे बोट दाखवलं. वडील वळले. त्यांनी माझे तोंडावरचे हात पाहिले, उभे राहिलेले कारीगर पाहिले, दारातली बाई पाहिली. त्यांना सगळं कळलं. त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं नाही, ते तिथेच राहिलं, फक्त त्याच्या मागे कोणी नव्हतं. ते मी आजवर विसरलेले नाही.

धाकटे शेठ हात पुसत निघून गेले. वडिलांनी चहा प्यायला. मग कप बाजूला ठेवून मला पायडलकडे बोलावलं. मी नको म्हटलं. त्यांनी पुन्हा बोलावलं. उरलेलं काम आम्ही सगळ्यांच्या देखत केलं, मी हात मांडीजवळ न लपवता छातीसमोर धरून. तर्जनी, पाव आटा, तर्जनी, पाव आटा, मूठ. पाचही गिअर वर आणि खाली सरळ पडले. कारीगर बघत होते आणि कोणी वाह म्हणालं नाही.

शनिवारी मी त्या चढावर एकदाही न पडता शाळेत वेळेआधी पोचले. दुपारी परतताना थोरले शेठ गल्लीच्या तोंडाशी उभे होते. माग चालू होते, म्हणून त्यांनी मला लांब नेलं.

"पोरी," ते म्हणाले, "मला काय माहीत नव्हतं? सालभर माहीत होतं. कारीगर स्वतः जाऊन त्याला बोटाने दाखवायचे, चौथा बिघडला, नववा बिघडला. मी बघायचो. कोणी बोलत नव्हतं, तोवर मलाही बोलायची जरूर नव्हती. आता भाऊ विचारतो, फिटर बहिरा का ठेवलास? मी त्याला काय जवाब देऊ?"

मला वाटलं होतं की मी एक लपवलेली गोष्ट फोडली. तसं नव्हतं. सगळ्यांनी मिळून सांभाळलेली गोष्ट मी फोडली होती. मी तिथेच रस्त्यावर रडले आणि त्यांनी मला रडू दिलं.

वडिलांना कारखान्यातून काढलं नाही. त्यांना राहनाळच्या गोदामात पाठवलं, कापडाच्या गाठी आत किती आल्या, बाहेर किती गेल्या ते लिहायला. तिथे मागांचा आवाज नव्हता आणि कानाचं काम नव्हतं. तिथे त्यांना कोणी उस्ताद म्हणत नव्हतं, काका म्हणायचे. गोदाम लांब, म्हणून सायकल त्यांना दिली आणि मी पुन्हा एसटीला लोंबकळू लागले. ते अगदी ताठ बसून जायचे, चढावर खटका ओढायचे आणि चेन आवाज न करता मोठ्या चकतीवर चढायची. पुढे वायर सैल पडून टिकटिक सुरू व्हायची. शुक्रवारी माग बंद असले की मी अंगणात चाक फिरवून ती ऐकायचे आणि त्यांना तर्जनी दाखवायचे. मग आम्ही दोघं सायकल टांगून बसायचो, तुळईऐवजी पेरूच्या फांदीला.

शुक्रवारचं मौन त्यांनी सोडलं नाही. गरज उरली नव्हती, तरी पाळलं. त्या दिवसाबद्दल ते मला एक शब्दही बोलले नाहीत, आणि आईनेही बोलू दिलं नाही.

फक्त एकदा, दोन-अडीच महिन्यांनी, संध्याकाळी आम्ही सायकल पुसत होतो. त्यांनी फडका बाजूला ठेवला आणि माझ्या ओठांकडे नीट बघत विचारलं,

"त्या दिवशी तू मागून हाक मारलीस म्हणतात. किती मोठ्याने मारली होतीस?"

गल्लीच्या टोकापर्यंत गेली होती ती. आईच्या हातातलं भांडं पडलं होतं. वडील उत्तराची वाट बघत होते, आणि कानात अजून थोडंफार शिल्लक असेल अशी त्यांना आशा होती, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

"मोठ्याने कुठे," मी ओठ सावकाश हलवत म्हटलं. "हळूच मारली होती, बाबा."

ते मान हलवून म्हणाले, "तेच म्हटलं," आणि पुन्हा फडका घेऊन चाकाच्या तारा पुसू लागले.